बरखास्त न झालेली समिती

४ ऑगस्ट २०१९, रविवार

रांगेत दीड तास उभा होतो. रांग कसली ते विचारलं नाही. बायकोनं, राहतीनं, सांगितलं होतं, सगळे उभे आहेत, तुम्हीही उभे राहा, काही ना काही मिळेल. पुढे सरकल्यावर कळलं — पेट्रोल. आमच्याकडे गाडी नाही. परत आलो.

शहरभर अफवा. यात्रेकरूंना परत पाठवलं, पर्यटकांना पाठवलं, हाउसबोटी रिकाम्या. आमचा कांदूर, म्हणजे रोट्या भाजणारा, तंदूरमधून गरम गिर्दे काढता काढता प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी बातमी देतो. मला युद्धाची दिली. माझ्यामागच्या बाईला निवडणुकीची. ती माझ्यापेक्षा जुनी गिऱ्हाईक आहे.

उद्याचं काही सांगता येत नाही, म्हणून समितीची स्थिती इथं नोंदवून ठेवतो. काम — राज्याच्या संविधानाचं काश्मिरीत भाषांतर. वर्षं आठ. सदस्य तीन. पीर साहेब, अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, वय चौऱ्याऐंशी. मट्टू, शाळामास्तर होता. पंडितांची गल्ली रिकामी झाली तेव्हा हा एकटा राहिला, का ते विचारलं की म्हणतो, कुलूप सापडत नव्हतं. आणि मी. आयुष्यभर कॉलेजात साहित्य शिकवलं, दुसरं काही येत नाही. नियम असा की तिघांची सही झाल्याशिवाय कलम पुढे जात नाही, आणि नून चहा, आमचा मिठाचा, झाल्याशिवाय सही होत नाही. एकशे अठ्ठावन्नपैकी एकशे सत्तावन्न झाली. उरलेलं माझ्याकडे आहे — राज्याचे कायम रहिवासी कोण, ते सांगणारं. पाच वर्षं माझ्याकडेच आहे. त्या दोघांना वाटतं मी शब्द शोधतोय.

संध्याकाळी नुझतला फोन करावासा वाटला. मुलगी. हैदराबादला असते. आम्ही पाच वर्षं बोललेलो नाही. नंबर राहतीकडे मागावा लागेल, म्हणजे तिला कळेल. उद्या सकाळी बघू.

५ ऑगस्ट, सोमवार

फोन बंद. इंटरनेट बंद. केबल बंद. गल्लीच्या तोंडाशी काटेरी तार.

रेडिओ चालू होता. दुपारपर्यंत कळलं. राज्याची स्वायत्तता गेली, राज्याचं संविधान गेलं, मग राज्यही गेलं. एकाचे दोन केंद्रशासित प्रदेश. निवेदकाचा आवाज हवामान सांगावं तसा.

मी भाषांतरकार आहे, म्हणून माझ्यापुरतं असं लिहितो: मूळ रद्द झालं. भाषांतर शिल्लक आहे.

राहती तांदूळ निवडत होती. ऐकून निवडतच राहिली. मग विचारलं, आज तीनची बैठक आहे का. नाही म्हटलं. तर चिडली!

६ ऑगस्ट

कर्फ्यू. भिंतीवरून शेजाऱ्यांकडून दोन कांदे आले, आमच्याकडून मीठ गेलं. राज्यकारभार चालू आहे.

७ ऑगस्ट

राहतीचं काहीतरी बिनसलंय. दुपारी तीन वाजले की फोन घेऊन माडीवर जाते, खिडकीशी उभी राहते, बटणं दाबते, खाली येते. फोन मेलाय हे तिला ठाऊक आहे. मी काही विचारलं की म्हणते, सवय.

बसून बसून ते कलम काढलं. पहिली ओळ वाचली आणि मिटलं.

इथं तरी सरळ लिहावं. पाच वर्षांपूर्वी नुझतनं सांगितलं, हैदराबादच्या एका दातांच्या डॉक्टरशी लग्न करायचंय. सलाहुद्दीन नाव. मुलगा बरा असणार, नुझत वेडी नाही. मी काय करावं? मी उठून कपाटातून संविधान काढलं. तिला कलम वाचून दाखवलं. बाहेर लग्न केलंस तर तू इथली राहशील, तुझी मुलं राहणार नाहीत. हे घर, ही अक्रोडाची झाडं, काही त्यांच्या नावावर होणार नाही. वर हेही सांगितलं की मुलींच्या बाबतीत न्यायालयानं २००२ साली काय म्हटलं. तळटीपसुद्धा सोडली नाही.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "अब्बाजी, मी तुम्हाला लग्नाचं सांगितलं. तुम्ही मला मिळकतीचं सांगताय."

लग्नाला गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. तापही आला नाही.

ज्या कलमापायी मुलीशी बोलणं सोडलं, ते कलम सोमवारी दुपारी गेलं. मुलगी आहे तिथंच आहे. कलम गेल्याचा आनंद झाला का, असं स्वतःला विचारून पाहिलं. नाही झाला. घर पडलं म्हणून घरातलं भांडण मिटलं, असं कुणी म्हणत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

मट्टू मागच्या बोळानं आला. बसायच्या आधी विचारलं, "आपल्याला कुणी बरखास्त केलंय का?"

मी म्हटलं, संविधानच राहिलं नाही.

"ते ऐकलं. मी समितीचं विचारतोय. कागद आलाय का?"

टपाल बंद आहे म्हटलं.

"मग आपण आहोत."

बराच वेळ या मुद्द्यावर चर्चा. त्यात चूक सापडली नाही. आमची नेमणूक कागदानं झाली होती. कागदाशिवाय जाणार कशी? शिवाय आम्हाला बरखास्त करायचं तर आम्ही आहोत हे आधी कुणाला तरी आठवायला हवं. आठ वर्षांत ते घडलेलं नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

पीर साहेबांनी नावाड्याबरोबर चिठ्ठी पाठवली. ते नदीपलीकडे राजबागेत राहतात, समितीच्या कार्यालयाच्या मागेच. चिठ्ठीत दोन वाक्यं. बैठक होईल. पासची व्यवस्था केली आहे. पुतण्याबद्दल एक अक्षर नाही. पुतण्या वकील आहे, मंगळवारी त्याला घेऊन गेले, कुठे ते माहीत नाही. हे नावाड्यानं सांगितलं.

पास चिठ्ठीसोबतच होते, तीन. पीर साहेबांचा जुना कारकून आता जिल्हा कचेरीत आहे. छापील कागदावर अत्यावश्यक सेवांची नावं: डॉक्टर, पाणी, वीज, बँक, इतर. 'इतर'पुढे त्यानं हातानं लिहिलंय — संविधान.

मट्टू म्हणाला, बघ, विजेच्या खाली आहे, पण आहे.

११ ऑगस्ट

पहिल्यांदा बाहेर पडलो. डलगेटच्या नाक्यावर तपासणी. जवानाच्या छातीवर नाव — मुर्मू. झारखंडमधल्या दुमक्याचा. पास उलटसुलट पाहिला. संविधान हा शब्द बोट ठेवून वाचला. मग ताठ उभा राहून त्यानं सलाम ठोकला! त्याला वाटलं, हे सगळं आम्हीच करतोय, दिल्लीहून येऊन.

मट्टूनं सलाम घेतला. पुढे गेल्यावर मी त्याला झापलं. तो म्हणाला, पस्तीस वर्षं मास्तर होतो, पहिला सलाम मिळाला, परत करू?

कार्यालय कुलूपबंद. चौकीदार गफ्फार पायरीवर बसलेला. दारासमोर दोन खांब आहेत, एक देशाच्या झेंड्याचा, एक राज्याच्या. रोज सकाळी दोन्ही चढवायचे, संध्याकाळी उतरवायचे, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम. त्याला पेच पडलाय. हुकूम नाही. म्हणून दोन्ही अर्ध्यापर्यंत नेऊन खाली आणतो, म्हणजे चढवले असंही होत नाही आणि नाही असंही होत नाही. पीर साहेबांनी त्याला समजावलं की अर्ध्यावर झेंडा म्हणजे शोक. त्या दिवसापासून तो खांबांकडे पाठ करून बसतो.

१२ ऑगस्ट, ईद

नमाज गल्लीतच झाली. मशीद बंद.

शेजाऱ्यांनी मेंढी कापली. वाटा पीर साहेबांकडे पोचायला हवा, पुतण्या असता तर त्यानं येऊन नेला असता. मांस वर्तमानपत्रात गुंडाळून समितीच्या चामडी पिशवीत ठेवलं. नाक्यावर मुर्मूनं पिशवी उघडायला सांगितली. आत कागद, कागदांखाली मेंढीची मांडी.

त्यानं विचारलं, हे काय?

मट्टू म्हणाला, "परिशिष्ट."

मुर्मू हसला नाही. वाकून वास घेतला, म्हणाला, आमच्याकडे सणाला डुक्कर असतं. मग एकदम घाबरला आणि माफी मागू लागला. मट्टूनं त्याला सांगितलं, मी ब्राह्मण आहे, मला दोन्हीचं काही वाटत नाही. मुर्मू आणखीच गोंधळला. ब्राह्मण, ईदचं मांस, संविधान. सोडलं आम्हाला.

पंचायतींच्या कलमावर चरबीचा डाग पडला. जात नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

तीन वाजता राहती माडीवर गेली. मी मागून गेलो. खिडकीशी उभी राहून रडत होती. आवाज न करता. लग्नाला सदतीस वर्षं झाली, असं कधी पाहिलं नव्हतं. आधीही अशी रडायची का, तेही माहीत नाही.

विचारलं. तर म्हणाली, "पाच वर्षं रोज तीन वाजता तिच्याशी बोलते मी. तुमची समिती तीनला बसायची. आमचीही."

मी खाली बसलो.

नंबर तिनं फोनमध्ये 'गॅसवाला' म्हणून ठेवलाय. मला ते नाव दिसायचं. मला वाटायचं, ही बाई गॅसवाल्याशी इतकं काय बोलते! एकदा तर मीच उचलला होता. गेल्या हिवाळ्यात. राहती न्हाणीत होती. पलीकडून कुणी बोलेना. मी म्हटलं, ऐकू येतंय का, दोन सिलिंडर पाठवा, मागच्या वेळी सहा दिवस लावलेत, ही काय पद्धत झाली. पलीकडून सगळं ऐकून घेतलं. मग ठेवला.

"सिलिंडर दुसऱ्या दिवशी आले होते," मी म्हटलं.

"तिनंच सांगितले. हैदराबादहून. शोधून शोधून इथल्या गॅसवाल्याचा नंबर काढला."

तर माझं मुलीशी बोलणं झालेलं आहे. पाच वर्षांत एकदा. सिलिंडरबद्दल. आणि ओरडून.

राहती डोळे पुसून म्हणाली, जिल्हा कचेरीत एक फोन चालू केलाय, रांग लावून दोन मिनिटं देतात, कांदूर सांगत होता. तिच्या गुडघ्यांना ते चालणं झेपणार नाही, आणि पास माझ्याकडे आहे. मी म्हटलं, जातो, तुझा निरोप देतो. ती म्हणाली, माझा नको. तुमचा द्या.

आणखी काही आहे का, विचारलं. म्हणजे तिथली खुशाली वगैरे. तर म्हणाली, जे आहे ते तिच्याकडूनच ऐका.

१५ ऑगस्ट

गफ्फारनं कुणाला न विचारता दोन्ही झेंडे पूर्ण चढवले. रस्त्यावर बघायला कुणी नव्हतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

बैठक, पीर साहेबांच्या घरी. आठ वर्षांतली सगळ्यांत कठीण.

पीर साहेब म्हणाले, उरलेलं कलम आज घ्या. मट्टू म्हणाला, जे राहिलंच नाही त्याचं भाषांतर कशाला? पीर साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "मट्टू साहेब, मेलेल्याला आम्ही आंघोळ घालतो. तुम्हीही घालता. तेव्हा कुणी विचारत नाही, आता स्वच्छ होऊन जायचंय कुठं."

मट्टूनं माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाच वर्षं मी सांगत होतो, 'रहिवासी'ला शब्द मिळत नाही. आज ते सांगवेना. नुझतचं सगळं सांगितलं. कलम वाचून दाखवल्याचं, तळटीपेचं, सिलिंडरचं. गफ्फार चहा ओतता ओतता थांबला.

पीर साहेब म्हणाले, तळटीप वाचायला नको होती.

मट्टूला हसू आवरेना. मग तोच म्हणाला, अध्यक्ष महाराज, सदस्याला दोन मिनिटं मिळणार आहेत आणि हा वर्गात पाऊण तास प्रस्तावना करायचा. मसुदा आधी तयार हवा.

विषय पटलावर घेण्यात आला.

१७ ऑगस्ट, शनिवार

मसुद्यावर बैठक. मी लिहून नेलेलं पान पीर साहेबांनी वाचलं आणि विचारलं, यात ऋतूंचं वर्णन का आहे. खोडलं.

त्यांनी स्वतः सुरुवात सुचवली — 'मी, खाली सही करणारा, पूर्ण शुद्धीत…' मट्टू म्हणाला, पोरीला फोन आहे, मृत्युपत्र नाही.

'माझं चुकलं' यावर तासभर. पीर साहेबांचं म्हणणं, कबुली अशी उघडी देऊ नये, 'परिस्थितीमुळे माझ्याकडून घडलेलं वर्तन' असं घालावं. मट्टू म्हणाला, परिस्थिती आज आहे, तेव्हा काय होती? तेव्हा फोन चालू होते, रस्ते चालू होते, विमानं चालू होती. हा घरात बसून ताप आलाय म्हणत होता.

पीर साहेबांनी पेन मागितलं. मग स्वतःच्या हातानं 'परिस्थितीमुळे' खोडलं.

शेवटी उरलं ते असं: नुझत, मी बोलतोय. आम्ही दोघं ठीक आहोत. माझं चुकलं. लग्नाला यायला हवं होतं. सलाहुद्दीनला सलाम सांग. तू कधी येशील?

मट्टूनं घड्याळ लावून वाचून पाहिलं. अठरा सेकंद. उरलेला वेळ तिला बोलायला.

तिघांच्या सह्या. दोन बैठकांत संमत झालेला समितीच्या इतिहासातला हा पहिला मजकूर.

२० ऑगस्ट

जिल्हा कचेरी. माझा नंबर दोनशे अकरा. चार वाजता खिडकी बंद. नंबर एकशे एकोणनव्वदपर्यंत आला.

रांगेत काय काय ऐकलं! एका माणसानं दोन मिनिटांत मुलाचं लग्न पुढे ढकललं, मेजवानी रद्द केली, वाझाला, म्हणजे आचाऱ्याला, दिलेला शब्द मागे घेतला आणि व्याह्यांची माफी मागितली. फोन ठेवल्यावर म्हणाला, नेहमी इतकंच बोललो असतो तर दोन्ही मुलींची लग्नंही धड झाली असती.

२२ ऑगस्ट

सकाळी सहाला निघालो. नंबर चौसष्ट. साडेअकराला पोचलो. नुझतचा नंबर राहतीनं तोंडपाठ करून घेतला होता, शाळेतल्या पोरासारखा तीनदा म्हणवून. लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावू देत नाहीत, मागे लोक.

राहतीला सांगितलं. ती म्हणाली, साडेअकराला ती कामावर असते. तीनला करायचा! हे मला आधी सांगावंसं वाटलं नाही का, म्हटलं. तर म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत.

परत येताना मुर्मूनं विचारलं, साहेब, ती रांग आम्हालाही लागते का? त्याचाही फोन बंद. बायकोला वाटत असेल मी मेलो, म्हणाला. आणि पुढच्या माणसाची पिशवी तपासायला घेतली.

२४ ऑगस्ट, शनिवार

पासची मुदत संपली. कारकून म्हणतो, नवा मिळेल, पण त्यासाठी समितीचं काम अपुरं असल्याचा अध्यक्षांच्या सहीचा दाखला लागेल.

पीर साहेबांना दम लागतो. उशीला टेकून बसले होते. आठ वर्षं त्यांनी प्रत्येक कलमावर आम्हाला छळलं. आता त्यांना संपवायचंय. ते बोलून दाखवत नाहीत, पण फाइल उशाशी आहे. ती पुरी झालेली बघायची, मग काय ते होवो. आणि कलम दिलं की पास गेला. पास गेला की फोन गेला.

दाखल्याचं सांगितलं आणि मी खिडकीबाहेर बघितलं. मट्टूनंही खिडकीबाहेर बघितलं.

त्यांनी माझ्याकडे न बघता कागद मागितला. लिहिलं: समितीचे काम अपुरे आहे. सही केली. म्हणाले, "आठ वर्षांत सरकारला पाठवलेलं हे आपलं पहिलं खरं निवेदन."

पास मिळाला. तीन दिवसांचा. मंगळवारपर्यंत.

२५ ऑगस्ट, रविवार

मोठ्या कचेरीवरून, सचिवालयावरून, राज्याचा झेंडा उतरवल्याचं कळलं. संध्याकाळी आमच्या कार्यालयातही दोघं आले. हुकूम आणला होता. गफ्फारनं तो वाचून घेतला, पोच मागितली, दोर सोडला, झेंडा चार घड्या घालून दिला. मग विचारलं, खांबाचं काय? खांबाबद्दल हुकुमात काही नव्हतं.

२६ ऑगस्ट, सोमवार

पहाटे उठून कलम केलं. पाच वर्षं लागली होती. लिहायला चाळीस मिनिटं. शब्द पहिल्यापासून ठाऊक होते. साधे आहेत. कोण इथला, कोण नाही. लिहिताना हात थांबला नाही याचं वाईट वाटलं.

राहतीला सांगितलं की आज देऊन टाकतो. पास उद्यापुरता आहे, नवा मिळणार नाही. उद्या तीनला फोन लागला तर लागला. ती म्हणाली, द्या. पीर साहेबांना थांबवून ठेवू नका.

त्यांनी पूर्ण वाचलं, बोट ठेवत. एकही दुरुस्ती नाही! मट्टू घाबरून त्यांची नाडी बघायला लागला. मग त्यांनी सही केली, मट्टूनं केली, मी केली. एकशे अठ्ठावन्न. गफ्फारला चहाला बोलावलं.

"आता हे कुणाला द्यायचं?" मट्टूनं विचारलं.

पीर साहेब म्हणाले, ते समितीच्या कार्यकक्षेत येत नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार

तीनला पाच कमी असताना माझा नंबर आला. मागच्या बाईला पुढे सोडलं. बरोबर तीनला लावला. दुसऱ्याच घंटेला उचलला.

लहान मुलीचा आवाज. म्हणाली, नानी?

मी म्हटलं, नुझतला दे. तर म्हणाली, अम्मी न्हातेय, तुम्ही कोण? कागद हातात होता. त्यात याचं उत्तर नव्हतं. म्हटलं, श्रीनगरहून बोलतोय. मग नानीला द्या, म्हणाली. नानी घरी आहे म्हटलं. नाव विचारलं. झून, म्हणाली. झून म्हणजे आमच्याकडे चंद्र; हैदराबादेत कुणी ठेवत नाही. वय विचारलं तर गप्प. बोटं दाखवत असावी.

मग तिनं सांगायला घेतलं. दूध सांडलं, मांजरानं प्यायलं, अब्बा मांजराला ओरडले, मांजर कपाटावर गेलं, अजून तिथंच आहे. फोनपाशी बसलेल्या पोलीसबाईनं घड्याळ दाखवलं. मी मान हलवली. तिनं पुन्हा दाखवलं नाही, दुसरीकडे बघत राहिली.

मांजराला कुणी ओरडायचं नाही, असं ठरलं. मी संमती दिली.